विद्यापीठात नक्की काय काय संशोधन चालतं, आणि ते बाहेरून कसं पाहायचं?

चौकटीबाहेर

मंडळी, एखाद्या विद्यापीठात आज कोणकोणत्या विषयांवर संशोधन चालू आहे, हे बाहेरच्या माणसाला एका बैठकीत कळेल अशी काही सोय आहे का? उदाहरणाला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घ्या. १९४९ ची स्थापना, गणेशखिंडीतला ४११ एकरांचा परिसर, भौतिकशास्त्रापासून पालीपर्यंतचे विभाग, वर संलग्न महाविद्यालयांची संशोधन केंद्रं. संकेतस्थळावर विभागांची नावं मिळतात, पण आत काय शिजतंय ते कळत नाही.

माझं मत आधीच सांगतो: पीएच.डी. प्रबंधांची यादी हाच त्यातल्या त्यात खरा नकाशा. पेपर कुठेही छापून आणता येतात. प्रबंध मात्र मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो आणि मौखिकी खुली असते. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, विभागवार मोजदाद केली की व्याप्ती समजली. पटतंय का?

तळटीप

मोजदाद करा, पण शोधगंगा काय आहे ते ध्यानात ठेवून. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ती चालवतं. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी बंधनकारक झालं. त्याआधीचे प्रबंध विद्यापीठाने स्कॅन करून चढवले असतील तरच दिसतात. त्यामुळे १९७० च्या दशकात एखाद्या विभागात दोनच प्रबंध दिसले तर तिथे सामसूम होती असं समजू नका, कपाटं अजून उघडायची आहेत.

दुसरं, विभागाच्या रकान्यात जो तो वाटेल ते भरतो. कुणी विभागाचं नाव, कुणी विद्याशाखेचं, कुणी संशोधन केंद्र असलेल्या महाविद्यालयाचं. एकाच विषयाचे प्रबंध चार नावांखाली विखुरतात. मार्गदर्शकाच्या नावाने चाळलं तर चित्र बरंच नीट येतं, कारण नियमानुसार प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगीकडे ६ आणि सहायककडे ४ च विद्यार्थी असू शकतात. एकेका मार्गदर्शकाची दहा-पंधरा वर्षांची यादी पाहिली की त्या विभागाचा कल कळतो.

आणि एक खुबी. प्रबंध प्रकरणवार पीडीएफमध्ये तुकडे करून ठेवलेला असतो. शेवटी ऐंशी क्रमांकाची 'रेकमेंडेशन' नावाची फाईल असते, तिच्यात बहुधा मुखपृष्ठ आणि निष्कर्ष एकत्र असतात. आधी ती उघडायची, मग संदर्भसूची. प्रस्तावना सर्वात शेवटी, वेळ उरला तर.

शांताराम_पेठे

वाचनखूण साठवली! ऐंशी नंबरची फाईल काय आहे हे आज कळलं.

बोरू

तळटीप यांच्याशी सहमत, पण मराठी प्रबंधांचं दुखणं वेगळं आहे. शोधगंगेवर मराठीतल्या प्रबंधाचं शीर्षक तीन प्रकारे नोंदलेलं सापडतं: देवनागरीत, रोमन लिपीत मराठी उच्चाराप्रमाणे, किंवा थेट इंग्रजी भाषांतरात. 'ग्रामीण कादंबरी' एवढंच टाकून शोधलंत तर पहिल्या प्रकारचेच हाती लागतील. रोमनमध्ये तर 'ग्रामीण'चीच चार स्पेलिंगं असतात. तिन्ही प्रकारे वेगवेगळा शोध घ्यावा लागतो.

त्याहून वाईट म्हणजे फाँट. युनिकोड रुळण्यापूर्वीचे (आणि खरं तर त्यानंतरचेही) ढीगभर प्रबंध श्रीलिपी, आकृती असल्या फाँटांत टंकलेले आहेत. पडद्यावर मराठी सुंदर दिसतं, पण मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. यंत्राच्या लेखी तो मराठी मजकूरच नसतो, म्हणून फाईलच्या आत शोध चालत नाही. स्कॅन असेल तर तेवढाही मजकूर नाही, नुसतं चित्र. फाँट ओळखता आला तर परिवर्तक वापरून युनिकोड करता येतं, पण जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासावेच लागतात.

म्हणजे इंग्रजी प्रबंध कुठूनही सापडतो आणि मराठी प्रबंध तो असल्याचं आधीच माहीत असलेल्यालाच सापडतो.

पाटपाणी

मूळ मताशीच असहमत. प्रबंधांची यादी म्हणजे संशोधनाचा नकाशा हे फार तर कला आणि विज्ञान शाखांपुरतं. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार कृषी विद्यापीठं घ्या. तिथलं मुख्य उत्पादन आहे वाण आणि शिफारशी. प्रबंध हा जोडधंदा.

दापोलीच्या विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' आंबा काढला, मग रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून 'सिंधू', ज्याची कोय अगदी पातळ. पाडेगावच्या ऊस केंद्राचा 'फुले २६५' क्षारपड जमिनीतही तग धरतो. यातलं काहीही शोधगंगेवर 'शोध' म्हणून दिसणार नाही.

शिफारस बाहेर कशी पडते ते पाहा. प्रयोग बहुतेक यादृच्छिक गट रचनेत आखतात. त्रुटीसाठी, म्हणजे निव्वळ योगायोगाने पडणारा फरक मोजायला, किमान १२ स्वातंत्र्यमात्रा (स्वतंत्र तुलना) हव्यात असा दंडक आहे, म्हणून ५ उपचार (ताडून पाहायचे पर्याय) असतील तर ४ पुनरावृत्ती लागतात: (५−१)×(४−१) = १२. तीन पुनरावृत्तींवर भागवलं तर ८ च हातात राहतात आणि चाचणी बोथट होते, म्हणजे खरा फरकही 'फरक नाही' असा दिसतो. कडेच्या ओळींना उजेड आणि पाणी जास्त मिळतं, म्हणून त्या वगळून आतल्या निव्वळ क्षेत्राचंच उत्पादन धरायचं. घाईत सगळा वाफा कापला की आकडे फुगतात. असे तीन हंगाम झाल्यावर निष्कर्ष चारही विद्यापीठांच्या संयुक्त अ‍ॅग्रेस्कोच्या, म्हणजे कृषी संशोधन समितीच्या, बैठकीत जातात. तिथे चिरफाड होते आणि मगच 'शिफारस' असं म्हणता येतं. पेपर नंतर येतो, कधी येतही नाही.

चौकटीबाहेर

पाटपाणी, मुद्दा मान्य. पण कृषी विद्यापीठाचं कामच ते. साध्या विद्यापीठात प्रबंध आणि पेपर सोडून काय निघतं?

सह्यकडा

भरपूर निघतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग बघा. सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांवर, म्हणजे सेरोपेजिया प्रजातीवर तिथे वर्षानुवर्षं काम झालंय. नव्या जातींची वर्णनं, वनस्पती उद्यानात जतन, रोपं करून पुन्हा रानात लावणं, सगळं. यातलं पेपरात किती येतं? दोन-तीन पानं.

खरा ऐवज असतो वनस्पतिसंग्रहातल्या शीटवर. साधारण ४२ × २८ सेंटिमीटरचा जाड कागद, त्यावर दाबून वाळवलेला नमुना, उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी: ठिकाण, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा क्रमांक. नवी जात जाहीर करताना यातली एक शीट 'प्ररूप', म्हणजे त्या नावाचा अधिकृत नमुना, म्हणून नेमावी लागते आणि ती कुठल्या संग्रहात ठेवली ते छापावं लागतं, नाहीतर ते नाव ग्राह्यच धरत नाहीत. वर्णन पूर्वी लॅटिनमध्येच लागायचं, २०१२ पासून इंग्रजीही चालतं.

कंदीलपुष्पाची अडचण अशी की फुलाशिवाय जात ओळखता येत नाही, आणि फूल दाबलं की नळीचा आकार चपटा होऊन जातो. त्याच नळीत खाली वळलेले केस असतात, माशी आत शिरते, केस सुकेपर्यंत अडकते आणि परागांचे पुंजके घेऊन बाहेर पडते. हे केस, वरच्या पाकळ्यांची टोकं, आतला मुकुट यांवरच ओळख ठरते. म्हणून शीटसोबत एक-दोन फुलं अल्कोहोलमध्ये बाटलीत ठेवतात आणि बाटलीवर शीटचाच क्रमांक घालतात. क्रमांक चुकला की बाटली आणि शीट दोन्ही निरुपयोगी. पन्नास वर्षांनी कुणी त्या जातीवर काम करायला घेतलं तर आधी ती शीट मागवेल, पेपर त्यानंतर.

फुकटचा_सल्ला

एवढं सगळं वाचून शोधगंगेवर गेलो आणि पहिल्या पानावरच 'अमुक तालुक्यातील माध्यमिक शिक्षकांच्या तमुकचा एक चिकित्सक अभ्यास' भेटला. हे 'एक चिकित्सक अभ्यास' शेपूट लावल्याशिवाय नोंदणी होत नाही का हो? :ड

अंशछेद

शेपटाचं सोडा, तमुकचा नमुना ३८४ जणांचा आहे का ते बघा. असणारच!

हा आकडा सूत्रातून येतो: ९५ टक्के विश्वासपातळी, अधिक-उणे ५ टक्के त्रुटी, प्रमाण अर्धं धरलेलं. पण सूत्र साध्या यादृच्छिक नमुन्यासाठी आहे, म्हणजे तालुक्यातल्या सर्व शिक्षकांची यादी घेऊन त्यातून चिठ्ठ्या काढल्या तर. प्रत्यक्षात काय करतात? वीसेक शाळा निवडतात आणि प्रत्येक शाळेतल्या वीसेक शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घेतात. एका शाळेतले शिक्षक एकसारखं उत्तर देण्याकडे झुकतात, कारण मुख्याध्यापक एक, वातावरण एक. हे साम्य ०.१ जरी धरलं तरी विचरण १ + (२०−१)×०.१ = २.९ पट होतं. म्हणजे ३८४ जणांची माहिती खऱ्या १३२ जणांइतकीच. शाळा वाढवा आणि दर शाळेतले शिक्षक कमी करा, एवढा साधा उपाय आहे. पण त्यात फिरणं वाढतं, आणि नेमकं तेच टाळायचं असतं.

दुसरा नेहमीचा घोळ: पाच पर्यायांची प्रश्नावली घेऊन 'अल्फा ०.७ च्या वर आला, साधन विश्वसनीय' असं लिहून मोकळं व्हायचं. अल्फा म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप, आणि ते प्रश्नांच्या संख्येबरोबरही वाढतं. एकच प्रश्न शब्द फिरवून आठ वेळा विचारला तर ०.९ सहज येईल. त्यातून वैधता सिद्ध होत नाही.

नांदीश्राद्ध

अंशछेद, गणित बिनतोड, पण तालुक्यांवर हसू नका. एखाद्या तालुक्यातल्या आठवडी बाजारांची जंत्री, तिथल्या बोलीतल्या शेतीच्या अवजारांची नावं, ओव्यांचं संकलन, गावातल्या विहिरींची मोजणी ही माहिती त्या एका प्रबंधाखेरीज कुठेच नसते. निष्कर्षाचं प्रकरण कच्चं असेल, पण परिशिष्टं सोन्यासारखी असतात. भूगोल आणि मराठीच्या प्रबंधात मी सांगेन की परिशिष्टापासून वाचायला सुरुवात करा, ऐंशी नंबर मागाहून.

तळटीप

नांदीश्राद्ध, हे मान्य. फक्त परिशिष्ट शोधगंगेवर कधी कधी चढवलेलंच नसतं. फाईलींच्या यादीत 'अपेंडिक्स' दिसलं नाही तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात छापील प्रत मागा. पुण्यात जयकर ग्रंथालय.

जुनं_बाड

चौकटीबाहेर, तुमच्या मोजणीत अजून एक खड्डा आहे: नावं. पेपरांच्या कोशात संस्थेच्या नावाने शोधणार असाल तर पुण्यासाठी 'युनिव्हर्सिटी ऑफ पूना', 'युनिव्हर्सिटी ऑफ पुणे' आणि २०१४ नंतरचं सावित्रीबाई फुले यांच्या नावाचं, अशी तिन्ही नावं टाकायला हवीत. मराठवाडा विद्यापीठाचं १९९४ च्या आधी आणि नंतर. उत्तर महाराष्ट्र आणि सोलापूर यांचीही नावं बदलली आहेत.

सर्वात मोठी गफलत मुंबईची. रासायनिक अभियांत्रिकीतलं माटुंग्याचं काम यूडीसीटी या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेच्या नावावर आहे. ती १९३३ पासून मुंबई विद्यापीठाचाच विभाग होती. २००८ मध्ये आयसीटी म्हणून अभिमत विद्यापीठ झाली. आता ते सगळं जुनं काम मुंबई विद्यापीठाचं धरायचं की आयसीटीचं? ज्याला जे सोयीचं तो ते धरतो.

रेडिओ_मिर्ची_नव्हे

मग पुणे विद्यापीठाच्या परिसरातल्या आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्थांचं काय? खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे पेपर पुणे विद्यापीठाचे धरायचे ना?

जुनं_बाड

नाही. आयुका ही अनुदान आयोगाची आंतरविद्यापीठ संस्था आहे, आणि एनसीआरए टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग, पदवीही तिथलीच. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना एनसीआरए चालवते, पण निरीक्षणाचा वेळ जगभरातून येणारे प्रस्ताव तपासून वाटला जातो. विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रस्ताव पाठवून विदा (डेटा) मिळवली आणि पेपर लिहिला, तर तो पेपर विद्यापीठाचा. लेखकाच्या नावाखाली छापलेला पत्ता पाहायचा. कुंपण कुणाचं आहे यावर ते ठरत नाही.

हमीभाव

पेटंटवर कुणी बोललं नाही अजून. बऱ्याच ठिकाणच्या अहवालांत 'यंदा इतकी पेटंटं' असं ठळक छापतात. त्यात तीन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरलेल्या असतात.

एक, प्रकाशित अर्ज. अर्ज केला की १८ महिन्यांनी तो आपोआप पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात छापला जातो. नमुना ९ भरून जादा शुल्क दिलं तर महिनाभरात. याला कुणी तपासलेलं नसतं. दोन, मंजूर पेटंट. परीक्षणासाठी वेगळी मागणी करावी लागते, मग आक्षेप येतात, त्यांना उत्तरं द्यावी लागतात. मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. तीन, डिझाईन नोंदणी. ती फक्त बाह्य आकाराची असते, आतल्या कार्याशी तिचा संबंध नाही. नक्षीदार डबीची नोंदणी करून 'उपकरणाचं पेटंट' म्हणून मिरवणारे आहेत. पेटंट कार्यालयाच्या शोधपानावर अर्जदार म्हणून विद्यापीठाचं नाव टाका आणि प्रत्येक अर्जाची स्थिती बघा.

आणि क्रम महत्त्वाचा. आधी पेपर किंवा प्रबंध प्रसिद्ध झाला आणि मग अर्ज केला, तर नावीन्य गेलं. कायद्यातल्या सवलती फार अरुंद आहेत. तात्पुरता अर्ज आधी करायचा, मग १२ महिन्यांच्या आत पूर्ण विनिर्देश, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन. प्रबंध तोवर शोधगंगेवर रोखून ठेवता येतो. म्हणजे चौकटीबाहेर, ज्या प्रबंधात खरंच काही विकण्याजोगं आहे तोच तुमच्या यादीत उशिरा येणार!

फुकटचा_सल्ला

आणि ज्यात काही नाही तो वेळेवर. :ड

बोरू

वाङ्मयचौर्याबद्दलही सांगून टाकतो, कारण 'सॉफ्टवेअरने तपासलं आहे' यावर लोक फार विसंबतात. २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० ला सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० ला वर्षभर बंदी, ६० च्या वर नोंदणी रद्द. अवतरणं, संदर्भसूची, ऋणनिर्देश वगळतात. सलग १४ शब्दांपर्यंतचं सामान्य साम्यही सोडून देतात.

मराठीत मात्र ताडून पाहायला यंत्राकडे मराठी मजकूरच अपुरा आहे. जुन्या फाँटातली फाईल दिली तर साम्य शून्याच्या आसपास येतं. इंग्रजी पुस्तकाचं प्रकरणच्या प्रकरण मराठीत उतरवलं तरी तेच. मराठी प्रबंधाला २ टक्के आले म्हणून हुरळू नका, जाणकार परीक्षकाला पर्याय नाही.

खापर

संथ कामांबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं. डेक्कन कॉलेज आज अभिमत विद्यापीठ आहे. घोड नदीकाठच्या इनामगावचं ताम्रपाषाणयुगीन उत्खनन १९६८ ते १९८२ चाललं, अहवाल १९८८ ला आला. म्हणजे पहिल्या कुदळीपासून छापील अहवालापर्यंत वीस वर्षं. मधल्या काळात घरांचे आराखडे, खापरांच्या तुकड्यांची मोजणी, जळलेले धान्याचे दाणे, दफनातली हाडं, प्रत्येकाकडे वेगळ्या विषयाचा माणूस बसला होता. वार्षिक गणतीत यातली बरीच वर्षं कोरी दिसली असती.

तिथलाच संस्कृत महाकोश घ्या. १९४८ ला सुरू झाला. ऋग्वेदापासून पुढच्या दीड हजार ग्रंथांमधून शब्द उचलून चिठ्ठ्या केल्या, एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचं वाक्य आणि ग्रंथातलं स्थळ. अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या लोखंडी कपाटांत आहेत. पहिला खंड १९७६ ला निघाला आणि आजवरचे पस्तीसेक खंड 'अ'मध्येच आहेत. अर्थ कालक्रमाने लावायचे असल्यामुळे एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या समोर मांडल्याशिवाय एक ओळही लिहिता येत नाही. हे पेपरांच्या संख्येत बसवणं म्हणजे दूध गजाने मोजणं.

अंशछेद

तरीही गजानेच मोजतात. राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठांना संशोधनासाठी ३० टक्के भार आहे, आणि पेपर व उद्धरणं आंतरराष्ट्रीय कोशांतूनच घेतात. मराठी समीक्षेचं पुस्तक तिथे मोजलंच जात नाही. देशी नियतकालिकांसाठी अनुदान आयोगाची केअर ही मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी होती, तीही २०२५ मध्ये बंद झाली.

हापूसप्रेमी

अवांतर: पाटपाणी, दापोलीची आंब्याला दरवर्षी मोहोर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल या वाढ रोखणाऱ्या रसायनाची शिफारस आहे ना? प्रमाण काय? दुकानदार झाडामागे सरसकट अर्धी बाटली म्हणतो.

तळटीप

आंब्यावर जाण्याआधी मूळ प्रश्नाकडे येतो. चौकटीबाहेर, एका बैठकीत जमेल, पण एका यादीतून नाही. पुणे विद्यापीठासाठी मी या क्रमाने जाईन. आधी विद्यापीठाचा वार्षिक अहवाल, जो अधिसभेपुढे मांडावाच लागतो, त्यातली प्रकल्प आणि निधीची परिशिष्टं. कोण किती रकमेचा प्रकल्प कुणाच्या पैशावर चालवतंय हे तिथे दिसतं, आणि चालू कामाचा तोच ताजा पुरावा, कारण प्रबंध हे निदान तीन वर्षांपूर्वी सुरू झालेलं काम असतं. मग नॅकला (विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला) दिलेल्या स्वयंमूल्यमापन अहवालातला निकष ३, म्हणजे संशोधनाचा. तिथे दाव्यांसोबत पुरावे जोडावे लागतात, त्या जोडपत्रांत अहवालापेक्षा जास्त सापडतं. नंतर 'विद्वान' कोशात अध्यापकांची पानं. मग शोधगंगोत्री. तिथे नोंदणी झालेल्या विषयांचे आराखडे असतात, म्हणजे पुढे काय येणार आहे ते. शोधगंगा त्यानंतर. आणि संग्रह, कोश, उत्खनन असलं काही असेल तर थेट विभागात फोन. त्याला पर्याय नाही.

चौकटीबाहेर

धन्यवाद. शोधगंगोत्री माहीतच नव्हती. प्रबंधांची यादी पहिल्या नंबरावरून पाचव्यावर गेली म्हणायची. तरी मौखिकी खुली असते हा मुद्दा मी सोडत नाही.

नांदीश्राद्ध

सोडू नका. सूचना विभागाच्या फलकावर लागते. जाऊन बसा, कुणी अडवत नाही. चहाही मिळतो.

पाटपाणी

हापूसप्रेमी, सरसकट अजिबात नको. शिफारस झाडाच्या विस्ताराच्या व्यासावर आहे: दर मीटरला ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक. बाजारातलं द्रावण २५ टक्क्यांचं असेल तर ते ३ मिली होतं. ८ मीटर विस्ताराच्या झाडाला २४ मिली, ३ ते ६ लिटर पाण्यात मिसळून. वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. आधी बुंध्याभोवतीचं तण काढा. बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या मधोमध गोलाकार २५-३० खड्डे कुदळीने १०-१५ सेंटिमीटर खोल घ्या, द्रावण सारखं वाटून ओता आणि बुजवा. धो धो पावसात नको, वाहून जातं. लहान झाडांना आणि अशक्त झाडांना देऊ नका. दिलेल्या झाडाला खतं पूर्ण द्या, नाहीतर दोन-चार वर्षांत झाड बसतं.

हापूसप्रेमी

व्यास की घेर? दुकानदार टेप बुंध्याभोवती गुंडाळायला सांगत होता.

पाटपाणी

व्यास, आणि तो पानोऱ्याचा. पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर असा दोनदा मोजा आणि सरासरी घ्या. बुंध्याशी काही संबंध नाही.